उपाशीशेठचे गाल

खानावळीच्या मालकाने कसं दिसावं याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण गिऱ्हाइकाला ते पाठ असतात. मालक अंगाने भरलेला असावा, गल्ल्यावर ऐसपैस बसलेला असावा, आणि त्याने ढेकर दिली तर ती रस्त्यापर्यंत ऐकू जावी. असा माणूस दिसला की आत काहीतरी चांगलं शिजतंय याची खात्री पटते. आपल्या ह्या मालकाकडे बघून मात्र माणसं पायरीवरूनच विचारायची, "काय हो, आज बंद आहे का?"

वय सत्तावन्न. तब्येत ठणठणीत. दोन वेळा चापून जेवायचा, मधे चार वाजता उरलासुरला भात दह्यात कालवून खायचा, आणि रात्री उशीला डोकं टेकताच घोरायला लागायचा. पण गाल! गाल असे बसलेले, की दाढी करताना आतून जिभेने रेटा द्यावा लागायचा, नाहीतर पातं खड्ड्याच्या काठावरूनच निघून जायचं. डोळ्यांखाली खोबणी, कानशिलं आत गेलेली, आणि गालफडांची हाडं तेवढी वर. बसमध्ये एकदा एक पोटुशी बाई त्याला जागा द्यायला उठली होती. आजारी मित्राला बघायला दवाखान्यात गेला, तर तिथल्या मदतनीसाने ह्यालाच हाताला धरून खाटेवर बसवलं आणि विचारलं, "सोबत कोणी आहे का?"

खानावळीवर पाटी होती 'पोटभर भोजनालय', आणि पाटीखाली हा बसायचा. समोरच्या कॉलेजातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'उपाशीशेठ', आणि ते इतकं चिकटलं की भाजीवालाही बिनदिक्कत हाक मारायचा, "उपाशीशेठ, बटाटे उतरवू का?" शेठ ओ द्यायचा. नावाचं त्याला काही वाटत नसे. माणूस मुळात गोड स्वभावाचा, आणि आरशात बघायला वेळ कोणाला होता?

खरी पंचाईत होती ती मालकीणबाईंची. कारण गल्ला शेठचा, पण स्वयंपाक बाईंचा. त्या अंगाने चांगल्या भरलेल्या, हसऱ्या, आणि हाताला अशी चव की साधी डाळसुद्धा लोक भुरके मारून प्यायचे. ताट रिकामं दिसलं की त्यांच्या हाताला चैन पडत नसे. नको नको म्हणता म्हणता एक पळी पडलेलीच असायची. आणि ह्या बाईंचा नवरा असा! लोकांनी हिशेब लावून टाकला होता, की ह्याच्या वाटणीचंही तीच खाते. काही गिऱ्हाइकं हे तोंडावर बोलायची. त्या हसून सोडून द्यायच्या. गिऱ्हाइकाचं बोलणं आणि पावसाचं पाणी, आपण वळचणीला थांबलं की निघून जातं, असं त्यांचं म्हणणं.

पण आक्काचं बोलणं असं निघून जात नव्हतं.

आक्का म्हणजे शेठची थोरली बहीण. चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्या पोराला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. तिच्याविषयी वाईट बोलायचं म्हणजे जीभ झडेल, इतकं तिने केलेलं होतं. ती दुसऱ्या गावी राहायची, वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची, आणि आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी भावाची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवायची. मग सुस्कारा. मग भावजयीकडे एक नजर. मग ठरलेलं वाक्य, "बाळ्या, काय रे ही दशा? तुला कोणी विचारतं की नाही?"

आणि जेवायला बसली की आणखी एक. पहिली वाढ झाली की आक्काचा उजवा हात ताटाच्या वर यायचा आणि तिथेच राहायचा. "बास. मला एवढंच लागतं." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आक्काने भावजयीच्या हातचं दुसऱ्यांदा मागून घेतलं असं एकदाही घडलं नव्हतं. ज्या बाईंच्या पंगतीला लोक रांग लावून बसत, त्यांना ह्या एका हातापुढे पळी आवरून परत जावं लागायचं. मालकीणबाईंना दुसरं काही नको होतं. साडी नको, कौतुकाचे चार शब्दही नकोत. आक्काने एकदा, फक्त एकदा, 'वाढ' म्हणावं, एवढंच. हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या, पण शेठला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं एका खोलीत झोपल्यावर एवढं तरी माणसाला कळतं.

मागच्या खेपेला आक्काने कमाल केली. भर दुपारी, गिऱ्हाइकं जेवत असताना, तिने भावाची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही खानावळ चालवता की उपासाचा आश्रम?" कॉलेजातली पोरं खो खो हसली. मालकीणबाईही हसल्या. मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेठ बघायला गेला तर डोळे लाल. "कांदा झोंबला," म्हणाल्या. पुढ्यातल्या टोपलीत सगळे बटाटे होते.

त्या दिवशी शेठने पहिल्यांदा आरशात नीट बघितलं.

उपाय त्याचे सगळे करून झाले होते. आक्कानेच करायला लावले होते. रक्त तपासलं, साखर तपासली, जंतांचं औषध तर दोनदा. सगळं उत्तम निघालं. दूध-केळी झाली, लोणी झालं. वजन काट्यावर हलायचं नाही आणि गाल जागचे उठायचे नाहीत. शेवटी वाट दाखवली ती रोज दुपारी जेवायला येणाऱ्या सिस्टरने. ही परिचारिका चेहऱ्याच्या ऑपरेशनच्या दवाखान्यात कामाला होती. हात पुसता पुसता म्हणाली, "काका, आमच्याकडे गाल भरून देतात."

"कशाने?"

"तुमच्याच चरबीने."

शेठला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण ती गंभीर होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पांढरे सोफे होते आणि भिंतीवर गुळगुळीत चेहऱ्यांचे फोटो. शेठ आणि मालकीणबाई सोफ्याच्या अगदी कडेवर बसले, मळेल म्हणून. बाकीच्या बायका शेठकडे सहानुभूतीने बघत होत्या. एकीने तर मालकीणबाईंना हळूच विचारलंही, "कितवी स्टेज?"

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी शेठला दिव्याखाली बसवलं, बोटाने गाल दाबले, कानशिलं दाबली, आणि विचारलं, "काका, कोणासाठी करताय?"

शेठ गडबडला. "बायकोसाठी," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मालकीणबाईंकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला हे असे आवडत नाहीत?"

"मला? मला चालतात की!" मालकीणबाई म्हणाल्या. "ह्यांच्या बहिणीला चालत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. हसू आलं असणार, पण दाबलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. लोकांना वाटतं वय झालं की चेहरा नुसता खाली लोंबतो. ते अर्धंच खरं. कातड्याखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात, त्या वयाबरोबर पातळ होतात. खालचं हाडही थोडं झिजतं. काही घराण्यांत हे साठीनंतर होतं, काहींत चाळिशीतच. "उशीतला कापूस कमी झाला की अभ्रा ढिला पडतो ना, तसं. खाण्याशी ह्याचा फारसा संबंध नाही."

"हे जरा कागदावर लिहून द्याल का?" मालकीणबाईंनी लगेच विचारलं.

आता करायचं काय? एक म्हणजे कातडी कानामागे ओढून शिवायची. पण आत भरणच नसेल तर ओढलेला चेहरा आणखी सुकल्यासारखा दिसतो, आणि पुरुषांची गालावरची दाढी सरकून कानाजवळ जाते ती वेगळीच. दुसरं, सुईने तयार भरण घालायचं. ते काही महिन्यांनी विरतं, पुन्हा घालावं लागतं. तिसरं, गालाच्या हाडावर कृत्रिम तुकडा बसवायचा. "आणि चौथं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाची किंवा मांडीची चरबी नळीने काढायची, गाळून स्वच्छ करायची, आणि थेंबाथेंबाने गालात सोडायची. तुम्हाला हेच बरं. शर्ट वर करा बघू."

शेठने शर्ट वर केला. डॉक्टरीणबाईंनी पोटाला चिमटा घेतला. मग कमरेला. मग मांडीला. चिमटीत कातडीशिवाय काही येईना.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तर मालच नाही."

शेठची मान खाली गेली. खानावळीच्या मालकाला ह्यापेक्षा लागेल असं कोणी काय बोलणार?

मालकीणबाई मात्र उठूनच उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझी घ्या. हवी तेवढी घ्या. मला काही कमी पडणार नाही."

"तसं चालत नाही काकू. शरीर परकी चरबी ठेवून घेत नाही."

"अहो, अठ्ठावीस वर्षं लग्न झालंय आमचं! मी परकी कशी?"

ह्यावर डॉक्टरीणबाई अखेर हसल्या. त्यांनी सांगितलं, की मग काकांना आधी थोडं पोट आणावं लागेल. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. भरल्यानंतर वजन आहे तिथेच राखायचं. "उतरलं तर गाल पुन्हा बसतील, वाढलं तर फुगतील. ती चरबी गालात राहायला गेली तरी सवय पोटाचीच असते."

हे वाक्य दोघांनीही ऐकलं. दोघांनीही मान डोलावली. आणि दोघेही ते जिन्यावरच विसरले, हे पुढे दिसेलच.

मग सुरू झाली चरबीची लागवड. नवी भट्टी घ्यायची म्हणून ठेवलेले पैसे भट्टीवरून गालांवर वळवले गेले, आणि मालकीणबाईंनी पदर खोचला. सकाळी चार अंडी, लोण्यात परतलेले बटाटे. दुपारी गिऱ्हाइकांच्या आधी शेठचं ताट. चार वाजता दहीभाताचं पातेलं, आणि वर बजावणं, "हालचाल कमी करा." गोण्या उचलणं बंद, बाजारात चालत जाणं बंद, जिना दिवसातून एकदाच. शेठला खाण्याचा कंटाळा आला. आयुष्यभर लोकांना 'आणखी घ्या' म्हणणाऱ्या माणसाला आता 'आणखी घ्या' ऐकलं की घाम फुटायचा. बाईंनी त्याला कोठारातल्या गोण्यांच्या काट्यावर उभं करून तोलायला सुरुवात केली. भाजीवाल्याने एकदा बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "काकू, विकायचाय का?"

खाल्लेलं सगळं पोटात गेलं. गालांनी त्यातलं काही घेतलं नाही, ते आपले तसेच बसून राहिले. महिने गेले तसं शेठचं ध्यान बघण्यासारखं झालं. खाली टुमदार पोट आणि वर तोच उपाशी चेहरा. शेजारच्या टेलरने पँट दोनदा सैल केली आणि गावभर सांगत सुटला, की शेठला पोटात काहीतरी झालंय. मालकीणबाईंना मात्र त्या पोटाचा कोण अभिमान! येता-जाता त्या त्यावर हात ठेवायच्या. आपल्या हातचं अन्न नवऱ्याच्या अंगावर कुठेतरी दिसतंय, हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

पोट पाहून डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली आणि ऑपरेशन केलं. शेठ अर्धवट गुंगीत होता. बाहेर सिस्टरने मालकीणबाईंना सगळं सांगितलं, की बेंबीजवळ बारीक छेद देऊन चरबी ओढली, मग गाळली, पाणी आणि तेल बाजूला काढलं, आणि घट्ट तेवढी ठेवली.

"म्हणजे दही टांगून ठेवतो तसं," मालकीणबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. आणि थोडी जास्तच भरली आहे, कारण त्यातली बरीच अंगात जिरते. जी टिकते ती टिकते."

"आटते तर. हो, मग वाढवूनच घालायला हवी."

शेठ घरी आला तो ओळखू येईना. चेहरा सुजून एवढा, रंग जांभळ्या वांग्याचा. त्याने माडीवरची खोली धरली. उताणं झोपायचं, गालावर रेटा येऊ द्यायचा नाही, जोरजोरात चावायचं नाही. खाली गिऱ्हाइकांना सांगितलं, दाढ काढली आहे. टेलर मात्र एकदा वर डोकावून गेला, आणि संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की शेठला बायकोने मारलं.

पण सूज उतरली, रंग निवळला, आणि एके दिवशी सकाळी शेठ खाली आला तेव्हा मालकीणबाई चुलीपाशी पळी हातात धरून बघतच राहिल्या. गालांवर गाल होते. डोळ्यांखालची खोबणी गेली होती. कोवळा पोरगा काही झाला नव्हता, सत्तावन्नाचाच दिसत होता, पण जेवलेला सत्तावन्नाचा.

"काय गं, बघतेस काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि लाजून भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. त्या दिवशीची भाजी खारट झाली, पण कोणी तक्रार केली नाही. सगळे मालकाकडे बघत होते.

लोक गप्प बसतील म्हणता? मालक उपाशी होता तेव्हा बायको खायला घालत नव्हती. मालक भरला तेव्हा आठवड्याच्या आत कॉलेजातली पोरं म्हणायला लागली, "शेठचे गाल वर आले आणि आमची वाटी लहान झाली." वाटी तीच होती, भरणारा हातही तोच होता. पण लोकांच्या तोंडाला बसणारं झाकण अजून कोणत्या दुकानात मिळालेलं नाही.

आता इथे थांबायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवायला हवं होतं. पण मालकीणबाईंच्या हाताला वाढायची सवय लागली होती, आणि शेठला नाही म्हणवेना. त्याने ताटावर हात धरला असता तर थांबलं असतं. पण ताटावर धरलेला हात ह्या घरात कसा दिसतो हे त्याला चांगलं माहीत होतं. तो धरणं त्याच्याने शक्य नव्हतं. सिस्टर रोज जेवताना बजावायची, "काका, वजन!" मालकीणबाई म्हणायच्या, "काटा जुना आहे गं." तर चरबी आपल्या सवयीप्रमाणे वागली. पोट वाढलं, तसे गालही वाढले. आक्काचं पत्र आलं की गुडघ्याचं दुखणं बरं आहे, येते आहे, तोवर शेठ हसला की त्याचे डोळे दिसेनासे व्हायला लागले होते.

"आक्काला ऑपरेशनचं सांगायचं नाही," शेठने बजावलं. "तुझ्या हातचं खाऊन तब्येत सुधारली, एवढंच सांगायचं."

"मला खोटं कौतुक नको."

"अगं, खोटं कुठे आहे? एकदा तिच्या तोंडून बरं काही ऐक. माझ्यासाठी."

मालकीणबाई कबूल झाल्या, पण मनातून नाही. आक्का येणार त्या दिवशी सकाळपासून त्यांनी स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. तीन भाज्या, दोन तऱ्हेचा भात, आणि दही आदल्या रात्रीच लावलेलं.

आक्का दुपारी आली. जेवणाची गर्दी ओसरली होती, टेलर आणि सिस्टर तेवढे कोपऱ्यात जेवत होते. आक्काने पिशवी खाली न ठेवता भावाची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला. मालकीणबाई दारात पळी घेऊन उभ्या. शेठने हसून तोंड भरून सांगितलं, "बघ आक्का, हिच्या हातचं खाऊन कसा झालोय!"

आक्का बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने अंगठा उचलला आणि भावाच्या गालात कचकन रुतवला, सूज तपासतात तसा. शेठ कळवळला. आक्काने अंगठा काढून गाल वर येतो का ते पाहिलं.

"ही तब्येत नाही," ती म्हणाली. "ही सूज आहे. अरे देवा, बाळ्या, आतून काहीतरी बिघडलंय तुझं! काय गं, तेल कुठलं घालतेस? मीठ किती घालतेस? काय खायला घातलंस ह्याला?"

कोपऱ्यात सिस्टरचा घास हातातच राहिला. अठ्ठावीस वर्षं सुकला म्हणून बाई वाईट, आता फुगला म्हणूनही बाईच वाईट.

मालकीणबाईंनी पळी टेबलावर आपटली. त्यांचा आवाज असा चढलेला शेठने आजवर ऐकला नव्हता.

"सूज नाही ती वन्सं! गाल आहेत. विकत घेतलेत! पोटाची चरबी काढून गालात भरली आहे, दवाखान्यात जाऊन! भट्टीचे पैसे घातले त्यात. पंधरा दिवस हे उताणे झोपले, वांग्यासारखं तोंड घेऊन. कशासाठी? तुम्ही एकदा माझ्याकडे वाकड्या नजरेने बघू नये म्हणून. ह्यांचे गाल मी खाल्ले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हे घराण्यातच असतं. आणि ते बघायला डॉक्टर कशाला पाहिजे? आरशात बघा ना एकदा. तुमचेही गाल तसेच बसलेत. तुम्हाला कोण उपाशी ठेवतं?"

एवढं बोलून त्या स्वतःच घाबरल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. ह्या वेळी कांद्याचं नाव घेतलं नाही.

शेठ एकदा बहिणीकडे बघे, एकदा बायकोकडे. टेलर आज जेवायला आला म्हणून स्वतःच्या नशिबावर खूश होता. आक्का हळूच बाकावर बसली. गल्ल्यामागे छोटा आरसा टांगलेला होता. त्यात तिला अर्धा चेहरा दिसत होता. तिने स्वतःच्या गालाला हात लावला. बोटं आत गेली.

"बाबांचेही असेच होते," ती पुटपुटली.

मग आक्का बोलली ती भावजयीकडे न बघता, टेबलाकडे बघून.

"आई गेली तेव्हा मी पंधराची होते. हा एवढासा, काटकुळा. बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, काय गं, पोराला खायला घालतेस की सगळं स्वतःच खातेस? मी माझ्या ताटातलं त्याच्या ताटात टाकायची, तरी हा तसाच. रोज ऐकायची मी ते." तिने नाक ओढलं. "तुझं लग्न झालं तेव्हा वाटलं, सुटले बाई. आता मला कोणी विचारणार नाही. आणि मग मीच विचारायला लागले. वाईट केलं मी. कळत होतं, तरी केलं."

मालकीणबाईंनी पदर खाली घेतला.

"काय रे," आक्का एकदम भावाकडे वळली, आवाज पुन्हा खणखणीत, "पोटाची चरबी म्हणे? तुझ्या पोटात चरबी आली कुठून? तुझ्या पोटात तर कधी काही टिकलं नाही!"

"हिनेच आणली," शेठ म्हणाला. "सकाळ-दुपार-संध्याकाळ खाऊ घालून. डॉक्टरीणबाईंनी फक्त जागा बदलली."

आक्काने पुन्हा त्याच्या गालाकडे पाहिलं. ह्या वेळी अंगठा नाही लावला, तळहात लावला. जरा वेळ तसाच ठेवला.

"म्हणजे माल हिचाच," ती म्हणाली.

"हिचाच."

आक्का पुढे सरकून ताटावर बसली. मालकीणबाईंनी डोळे पुसत वाढलं. तिन्ही भाज्या, भात, डाळ, दही. आक्का मुकाट्याने जेवली, आणि सगळं संपवलं. ताट रिकामं झालं. मालकीणबाईंच्या हातात पळी होतीच, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षांची सवय होती. आता तो हात येणार, ताटावर आडवा पडणार, आणि आपण परत जायचं.

आक्काने हात मांडीवर ठेवला.

"त्या तुझ्या डॉक्टरणीला विचार," ती भावाला म्हणाली, "एकाहत्तराव्या वर्षी गाल भरतात का म्हणावं."

"भरतात आत्या," कोपऱ्यातून सिस्टर म्हणाली. "पण आधी थोडं पोट लागतं."

"लागतं ना? मग आता दोन-तीन महिने मी काही इथून हलत नाही." आक्काने ताट भावजयीकडे सरकवलं. "बघतेस काय अशी? वाढ."

मालकीणबाईंनी भाताची एक पळी वाढली. मग दुसरी. मग डाळ. त्या वाढत राहिल्या, त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि ताट काठोकाठ भरून डाळ टेबलावर सांडायला लागली, तरी आक्काचा हात काही वर आला नाही.